फौजी, सुतार आणि आमचे आण्णा: घरातल्या माजी सैनिकाचं आयुष्य लिहून ठेवायचं असेल तर

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दशक्रियेला नदीवर सात-आठ जण बोलले. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, माजी सैनिक संघटनेतले दोघं खास तालुक्यावरून आले होते ते बोलले, आणि सगळे मनापासून बोलले यात काही शंका नाही, पण सगळ्यांचं बोलणं एकच होतं, देशाची सेवा केली, एकाहत्तरची लढाई लढले, गावाचं नाव मोठं केलं. मी खाली सतरंजीवर बसून ऐकत होते आणि माझं लक्ष सारखं समोरच्या मारुतीच्या देवळाच्या दाराकडं जात होतं, कारण ते सागवानी दार आण्णांनी केलंय, त्याच्या कड्या-कोयंड्यासकट, आणि ते कुणाच्याच तोंडात आलं नाही. आण्णा सतरा वर्षं फौजेत होते, त्यात लढाई चौदा दिवसांची. सुतारकाम पस्तीस वर्षं. आणि बाप म्हणून, नवरा म्हणून, भाऊ म्हणून तर अख्खं आयुष्य. मग आठवण ठेवायची तर फक्त चौदा दिवसांची का?

तसं बघितलं तर देशानं आठवण ठेवायची सोय केलीय ती गेलेल्यांची, आणि ते बरोबरच आहे. दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला झालं, तिथं ग्रॅनाइटवर २५ हजारांहून जास्त नावं कोरलीत, ती सगळी वीरमरण आलेल्यांची. आमच्या सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी गाव सगळ्यांना माहीतय, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. पण जो परत आला, पेन्शनवर आला, दुकान टाकलं, पोरं शिकवली आणि म्हातारा होऊन घरच्या खाटेवर गेला, त्याचं नाव कुठल्या भिंतीवर नसतं. त्याचं घरच्यांनीच करायचं असतं. मी ते आण्णा असताना चार वर्षं आणि नंतर दीड वर्ष केलं, पुष्कळ चुका केल्या, त्यातून जे कळलं ते इथं लिहितेय, म्हणजे तुमच्या घरी कुणी पासष्टच्या नाहीतर एकाहत्तरच्या लढाईतले असतील तर आज-उद्याच सुरुवात कराल. ही माणसं आता बहुतेक पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत.

पहिल्यांदा ट्रंक

बऱ्याच फौजीच्या घरात ती काळी लोखंडी ट्रंक असतेच, झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव लिहिलेली. माळ्यावर असेल, नाहीतर तिच्यावर गोधड्यांची चवड रचलेली असेल. ती त्यांच्या माघारी उघडू नका, त्यांना शेजारी बसवून त्यांच्याच हातानं उघडू द्या, कारण एकेक वस्तू वर येते तशी एकेक गोष्ट वर येते, आणि तुम्ही समोर बसून विचारलेल्या शंभर प्रश्नांनी जे येत नाही ते एका मफलरनं येतं. फोनचं रेकॉर्डिंग आधीच चालू करून बाजूला ठेवा, तेही त्यांना सांगून.

ट्रंकेत मुख्य शोधायचं ते डिस्चार्ज बुक. भरतीची तारीख आणि ठिकाण, ट्रेड म्हणजे फौजेत काम कुठलं, कुठली रँक कधी मिळाली, कुठली मेडलं, कधी सुटले, कॅरेक्टर म्हणजे वर्तणुकीचा शेरा काय लिहिलाय, हे सगळं त्यात असतं. नसेल सापडत तर पेन्शनचा कागद, म्हणजे पीपीओ, त्यावरनं नंबर आणि रेकॉर्ड ऑफिस कळतं. रेकॉर्ड ऑफिस पलटणीप्रमाणं असतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनीअर लोकांचं, पुण्यात खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. कागद हरवला असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा अर्ज कसा करायचा, बरोबर आर्मी नंबर आणि आधार घेऊन जा. नंबर पाठ असतो त्यांना. आण्णांना शेवटी शेवटी नातवंडांची नावं आठवायची नाहीत पण नंबर विचारला की ताडकन सांगायचे.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, हा नंबर, पीपीओ नंबर, बँकेचं काही, हे सगळं तुमच्या वहीत ठेवा, फेसबुकवर नाहीतर व्हॉट्सॅप ग्रुपवर कागदाचा फोटो टाकू नका, पेन्शनरांना फोन करून फसवणारे पुष्कळ आहेत.

मेडल वाचायला शिका

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. आण्णांच्या सत्तरीला आम्ही फ्लेक्स केला, त्यावर मी छापलं "१९७१ बांगलादेश मुक्ती संग्रामातील वीर". एकाहत्तर म्हटलं की बांगलादेश, एवढंच डोक्यात. आण्णांनी फ्लेक्स बघितला, काही बोलले नाहीत, सगळ्यांकडनं हार घेतले, जेवण झालं, आणि रात्री अंगणात खाटेवर पडल्यावर म्हणाले, "आम्ही तिकडं नव्हतो गं, आम्ही पठाणकोटच्या पुढं होतो." मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. चार दिवसांनी मेडलं काढून बघितली तर त्यात पश्चिमी स्टार होता. बघायला पाहिजे होतं आधी.

तर हे पक्कं करा: एकाहत्तरला पूर्वेकडच्या आघाडीवर असतील तर पूर्वी स्टार, पश्चिमेकडं असतील तर पश्चिमी स्टार, आणि त्या काळात नोकरीत होते त्यांना संग्राम मेडल. पासष्टच्या लढाईचं समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७२ ला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्याचंही एक मेडल बहुतेकांकडं असतं. सैन्य सेवा मेडल असेल तर त्याच्या रिबिनीवरची छोटी पट्टी बघा, हिमालय, जम्मू अँड काश्मीर असं लिहिलेलं असतं, त्यावरनं कुठं नोकरी झाली ते कळतं. आणि मेडलची कड, जाडी असते ना, तिथं नंबर, नाव कोरलेलं असतं, भिंगातनं बघा, उन्हात तिरकं धरा म्हणजे वाचता येतं. घासूपुसू मात्र नका. चिंच लावून, पितांबरी लावून, ब्रासो लावून चकचकीत करायची आपल्याला हौस असते पण त्यानं कोरलेली अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ कापडानं पुसायचं, बस.

रँकचंही तसंच. आमच्याकडं कुठल्याही फौजीला "काय मेजर" म्हणायची पद्धत आहे, प्रेमानं म्हणतात, पण पत्रिकेत, फलकावर, वहीत लिहिताना जी खरी रँक आहे तीच लिहा. आण्णा हवालदार म्हणून सुटले. हवालदार ही रँक शिपायापासून एकेक पायरी चढून मिळवलेली असते, शिपाई, लान्स नाईक, नाईक, मग हवालदार, आणि सॅपर्समध्ये शिपायाला सॅपर म्हणतात. ती आहे तशी लिहिण्यातच त्यांचा मान आहे.

साल कसं काढायचं

म्हाताऱ्या माणसाला "कुठल्या साली?" असं विचारून काही निघत नाही. उलट त्यांना वाटतं परीक्षा घेताय, आणि ते गप्प होतात. त्यापेक्षा मोठ्या घटना मध्ये खुंटीसारख्या ठोकायच्या आणि त्याच्या आधी का नंतर एवढंच विचारायचं. आमच्याकडची सगळ्यात पक्की खुंटी म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ती रात्र कुठं झोपला होता हे आमच्या भागातला त्या वयाचा प्रत्येक माणूस सांगतो. आण्णा म्हणाले, भूकंपाला मी घरी होतो, गोठ्याची भिंत पडली, ती बांधली, आणि पुढच्या उन्हाळ्यात भरतीला गेलो. म्हणजे १९६८. डिस्चार्ज बुकात बघितलं तर जुळलं. दुसरी खुंटी बहात्तरचा दुष्काळ, सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी. आई खडी फोडायला जायची तेव्हा मोठा दादा पाठीला बांधलेला होता, म्हणजे दादाचं वय आलं. पुण्याच्या माणसांना पानशेत, लातूर-धाराशिवकडच्यांना किल्लारी, आणीबाणी सगळ्यांनाच.

जन्मतारखेवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुतेक मास्तरांनी टाकलेली असते. "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाला" असं आत्या म्हणाली ते खरं. दोन्ही लिहा, कागदावरची आणि घरची.

मी एक लांब पट्टी केली, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजू एकाला एक चिकटवून, वर साल, त्याखाली आण्णा कुठं, त्याखाली घरी काय चाललंय. ती भिंतीला लावून ठेवली. येणारा-जाणारा वाचायचा आणि म्हणायचा अहो हे चुकलं, तेव्हा तर तुमची आजी होती. त्या पट्टीनं जेवढं काम केलं तेवढं कशानंच केलं नाही.

बोलतं करायचं कसं

किती मारले, भीती वाटली का, असले प्रश्न विचारू नका. नातवंडं विचारतात, त्यांनाही आधी समजावून सांगा. लढाईचं विचारायचं असेल तर खाण्यापासून सुरू करा. थंडी किती होती, लंगर कुठं लागायचा, पुऱ्या होत्या का शक्करपारे, झोपायचे कुठं, बूट किती दिवस काढले नाहीत, शेजारी कोण होता, तो कुठला. शेजारी कोण होता या प्रश्नावर थोडं थांबा. तिथं बऱ्याच वेळा माणूस गप्प होतो, आणि त्या गप्प बसण्यात घाई करून दुसरा प्रश्न टाकू नका. आण्णा एकदा तिथं थांबले, दोन-तीन मिनिटं काही नाही, मग उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि त्या विषयाला परत कधी हात लावला नाही. दिवाळीत मोठे फटाके वाजले की ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, का ते तेव्हा कळलं. झोप उडायला लागली, रात्री ओरडून उठायला लागले असं दिसलं तर थांबायचं आणि डॉक्टरशी बोलायचं, आपल्या वहीपेक्षा माणूस मोठा.

पण जे बोलतात ते त्यांच्या भाषेत ठेवा. आमचे आण्णा फौजेचं सांगायला लागले की आपोआप हिंदीत जायचे, फॉलिन, बिस्तरबंद, पक्का मोर्चा, साब ने बोला. मी सुरुवातीला ते लिहून काढताना शुद्ध मराठी करत होते आणि वाचून दाखवलं तर म्हणाले, हे कोण बोलतंय? मग सगळं परत लिहिलं.

फोनवर रेकॉर्ड करताना काही साध्या गोष्टी. फ्लाइट मोड टाका, नाहीतर मध्येच फोन येतो. पंखा बंद, थंडीच्या दिवसात किंवा सकाळी बसा म्हणजे जमतं. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. सुरुवातीला तारीख, गाव, कोण कोण बसलंय हे तोंडानं बोला. अर्धा-पाऊण तास पुष्कळ झाला. सुरुंग-स्फोटाच्या कामात होते त्यांचे कान गेलेले असतात, चांगल्या कानाच्या बाजूला बसा आणि तोंड दिसेल असं बसा. झाल्या झाल्या फाइलला नाव द्या, तारीख आणि विषय, आणि त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा. माझी एक फाइल, दादाच्या जन्माची, फोन पाण्यात पडला त्यात गेली, नंतर आण्णांनी तीच गोष्ट परत सांगितली पण पहिल्यासारखी नाही आली.

फौज आणि धंदा एकाला एक जोडून बघा

इथं मला जास्त लिहायचंय कारण हे कुणी करतच नाही. लोक फौजेचा भाग वेगळा आणि नंतरचा धंदा वेगळा असं लिहितात, धंद्याला एक ओळ, "निवृत्तीनंतर सुतारकाम केले." पण माणूस तोच असतो ना, हात तेच असतात.

आण्णा बॉम्बे सॅपर्सचे, भरती खडकीला, ट्रेड कार्पेंटर. म्हणजे सुतारकी थोडीफार घरातली होतीच पण मोजमापाची शिस्त फौजेनं लावली. सॅपर्सचं काम पूल टाकणं, रस्ता करणं, सुरुंग काढणं. त्यांच्यात रामा राघोबा राण्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ, कारवारजवळच्या चेंडियाचे, एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडं गोळीबारात काढत रणगाड्यांना वाट करून दिली, परमवीर चक्र मिळालं. आण्णा ती गोष्ट आम्हाला झोपताना सांगायचे. आता कळतं, स्वतःचं सांगायचं नव्हतं म्हणून राणेसाहेबांचं सांगायचे. तुमच्या घरचे कुणाची गोष्ट परत परत सांगतात ते बघा, त्यात त्यांचंच बरंच काही असतं.

दुसरं उदाहरण. बेली ब्रिज म्हणून लोखंडी पूल असतो, सुटे पॅनेल जोडून पिना मारून उभा करायचा. एक पॅनेल दहा फूट लांब आणि पाच फूट उंच, वजन साधारण २६० किलो, आणि ते सहा जणांनी उचलायचं. सहाच्या सहा जणांनी एकाच वेळी, एकाच हुकमावर, नाहीतर कुणाची तरी कंबर जाते नाहीतर बोटं जातात. आण्णांच्या दुकानात दाराची चौकट उचलताना हाताखालची पोरं असोत का आम्ही भावंडं असोत, आधी सगळ्यांनी हात लावायचा, मग आण्णा म्हणणार "तैयार... उठाव", आणि मगच उचलायचं. लहानपणी आम्हाला वाटायचं सगळे सुतार असंच करतात. त्यांच्या हाताखाली पस्तीस वर्षांत कुणाच्या बोटाला मोठी इजा झाली नाही. हे मला पॅनेलचं वजन आणि सहा माणसं ऐकल्यावर, म्हणजे चाळिशीत, उमगलं.

तर विचारायचे प्रश्न असे: फौजेत शिकलेलं काय दुकानात वापरलं? आणि फौजेतलं काय मुद्दाम सोडून दिलं? आण्णा दुसऱ्यावर म्हणाले, ओरडणं सोडलं.

धंद्याच्या आठवणी बोलून कमी निघतात, हातानं जास्त. हत्यारं समोर ठेवा. आमच्याकडं रंधा, पटाश्या, वाकस, गुण्या, गिरमिट सगळं एका पेटीत होतं आणि प्रत्येकाच्या मुठीवर तापलेल्या खिळ्यानं आर्मी नंबरचे शेवटचे तीन आकडे डागलेले, फौजेत किटवर घालतात तसे. मी फोन व्हिडिओवर लावला, चेहऱ्यावर न धरता हातावर धरला, आणि म्हटलं आण्णा ही फळी रंधून दाखवा. पंचाहत्तरीला आलेला माणूस, हात थरथरत होते, पेला धरला तर चहा सांडायचा, पण रंधा हातात आला आणि थरथर थांबली. लांबलचक पातळ ढलपी निघाली, गोल गोल वळत खाली पडली, आणि ते त्या ढलपीकडं बघत म्हणाले, "धार अजून आहे." साडेचार मिनिटांचा तो व्हिडिओ आहे, त्यात रंध्याचा आवाज आहे, तेवढं एकच ठेवायला सांगितलं तर मी तेच ठेवीन.

दुकानाची वही असेल तर ती सोन्यासारखी जपा. आमच्या वह्या निळ्या शाईतल्या, त्यात गिऱ्हाइकाचं नाव, लाकूड कुठलं, किती घनफूट, माप फूट-इंच-सुतात, मजुरी, उचल, बाकी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, नव्या पोरांना सांगावं लागतं. या वहीतनं अख्ख्या गावाचा इतिहास दिसतो, सुरुवातीला बाभळीचं काम, कुळव, तिफणी, बैलगाडीची चाकं, मग हळूहळू ते कमी होत गेलं कारण ट्रॅक्टर आले, आणि दारं-खिडक्या, दिवाण, देव्हारे वाढत गेले. आणि येणे-बाकीच्या रकान्यात काही नावांपुढं आडवी रेघ मारलेली, पैसे आले नाहीत पण सोडून दिले, ज्या घरात माणूस गेलं किंवा पीक बुडालं त्यांच्या. ही रेघ कुणाच्या भाषणात आली नाही. पण लिहिताना त्या माणसांची नावं टाकू नका, त्यांची नातवंडं गावातच आहेत, त्यांना कमीपणा येईल असं आपण काही करायचं नाही. "एका घरचं" एवढं पुरतं.

आणि मग गावातनं फिरा, वही आणि फोन घेऊन, त्यांनी केलेल्या वस्तूंचे फोटो काढा. मी तीन दिवाळ्या फिरले. लोक आत बोलावतात, चहा देतात, आणि फोटो काढताना आपणहून सांगायला लागतात की हा दिवाण लग्नात केला तेव्हा तुमच्या आण्णांनी काय म्हटलं. आत्याच्या घरी कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढला तर त्याच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं, माप, तारीख आणि खाली "ताईसाठी". चाळीस वर्षं ते कपाट तिच्या घरात होतं आणि तिला माहीत नव्हतं. खण उलटे करून बघा, टेबलाखाली वाकून बघा.

घरचं आईला विचारा

सतरा वर्षं घर आईनं चालवलं, दोन महिन्यांची वार्षिक सुट्टी सोडली तर. म्हणून फौजीच्या आयुष्याची अर्धी गोष्ट बायकोकडं असते, आणि तिला कुणी विचारत नाही. तिला वेगळं बसवून विचारा, दोघं एकत्र असले की ती म्हणते "ह्यांनाच विचारा."

आमच्या आईला तेव्हा वाचता यायचं नाही. आंतरदेशीय पत्र आलं की पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा, सासू, दीर, शेजारीण सगळे ऐकायला. त्यामुळं पत्रात आईसाठी म्हणून एक शब्द नसायचा, वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मी इकडे खुशाल आहे. मी ती पत्रं वाचून निराश झाले होते, म्हटलं यात काहीच नाही. तेव्हा आई म्हणाली, शेवटची ओळ बघ. प्रत्येक पत्राच्या शेवटी होतं, "म्हशीला वेळेवर पाणी दाखवणे." आणि आमच्याकडं तेव्हा म्हैस नव्हतीच. एवढं सांगून आई हसली आणि भांडी घासायला गेली. जुनी पत्रं वाचताना ज्यांना ती लिहिलीत त्यांना शेजारी घेऊन वाचा, नाहीतर अशी ओळ हातातनं निसटते.

मनीऑर्डरची कुपनं पण बघा. पैशाबरोबर खाली चार शब्द लिहायला जागा असायची. आजीनं ती तारेला खोचून ठेवली होती, शेसव्वाशे कुपनं, गंजाच्या भोकासकट. तारखा लावल्या तर दिसलं की एकाहत्तरच्या नोव्हेंबर-डिसेंबरचं कुपन नाही, आणि जानेवारीत दुप्पट रक्कम, खाली लिहिलंय "उशीर झाला." लढाईबद्दल त्यांच्या हातचं घरात एवढंच लिखाण आहे.

दोघांच्या गोष्टी जुळत नाहीत असंही होतं. दादाच्या बारशाला मी होतो असं आण्णा म्हणायचे, आई म्हणते नव्हते. मी दोन्ही लिहिलं, एकाखाली एक, निकाल दिला नाही. आणि जे चांगलं नव्हतं तेही लिहावं असं माझं मत आहे. सुटून आल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं आण्णांची रम वाढली होती, घरात कुणाशी बोलायचे नाहीत, दुकान चालेना. ते गाळलं तर नंतर सावरले त्याला अर्थ राहत नाही. पण ते आईला विचारून लिहिलं, तिनं दोन वाक्यं काढायला लावली ती काढली.

फोटो, कागद आणि शेवटी काय करायचं

फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, पानासकट फोटो घ्या. पाठीमागची बाजू पण घ्या, तिथं स्टुडिओचा शिक्का, कधी तारीख असते. फोटोवर नावं लिहायची तर पाठीमागं शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं, बॉलपेननं नको, त्याचे व्रण पुढं उमटतात. डिस्चार्ज बुक, पत्रं लॅमिनेट करू नका, एकदा केलं की परत मागं येता येत नाही. चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि मूळ कागद सुती कापडात गुंडाळून ट्रंकेतच ठेवा, ओल येणार नाही अशा जागी. आणि मूळ फोटो मोठा करायला देताना दहा वेळा विचार करा. आम्ही आण्णांचा खडकीचा ट्रेनिंगमधला फोटो एका स्टुडिओत दिला, त्यांनी चेहरा गोरा गुळगुळीत केला, मागं तिरंगा टाकला, आणि कपाळावरची लहानपणीची खोक पुसून टाकली. ती खोक आजोबांच्या वाकसाची होती. मूळ फोटो परत मागून आणला म्हणून वाचलं, भिंतीवर आता मूळच लावलाय.

शेवटी एवढं सगळं जमलं की मोठं पुस्तक करायच्या मागं लागू नका, ते होत नाही आणि सगळं तसंच पडून राहतं. मी छत्तीस पानांची वही केली, टाइप करून, झेरॉक्स सेंटरला स्पायरल करून. पहिली चार पानं लहानपण, आठ पानं फौज, चौदा दुकान, उरलेली घर. लढाईला दीड पान आलं, जेवढं ते बोलले तेवढंच, माझ्या मनचं काही घातलं नाही. वर्षश्राद्धाला भावकीत आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांना एकेक दिली. पोरं कसली, तीही आता पन्नाशीची, त्यातला एकजण वही चाळून म्हणाला गिरमिट चुकीचं लिहिलंय, पाऊण इंची नव्हतं, अर्धा इंची होतं, माझ्याकडंच आहे. दुसऱ्या छपाईत दुरुस्त केलं.

फिरायचं अजून बाकी आहे. वरच्या आळीतली दोन जुनी घरं पाडून स्लॅब टाकायचं चाललंय, दोन्हीकडं आण्णांच्या चौकटी आहेत, एकीच्या वरच्या पट्टीवर कमळ कोरलंय. पाडायच्या आधी मला फोन करा, फोटो काढते आणि कमळाची पट्टी मी पैसे देऊन घेते, असं दोन्ही घरी सांगून आलेय.